तळ वर केलेला बूट

विल्फ हेस्लपने उमेदीचं सगळं आयुष्य दगड फोडण्यात घालवलं. उत्तर इंग्लंडात, टाइन नदीच्या उत्तरेला, जुन्या रोमन सीमेच्या भिंतीच्या पायथ्याच्या खाणीत. छातीत धूळ बसली तेव्हा खाण सुटली आणि तो गावच्या संग्रहालयात लागला. तिथे काम एकच, जुन्या वस्तूंना बैठका करायच्या. पितळेची सळई तापवायची, वाकवायची, कानस मारायची, वस्तू टेकेल तिथे लोकर चिकटवायची. वस्तू दिसावी, बैठक दिसू नये. चटकन होतं म्हणणाऱ्याने ते कधी केलेलं नसतं.

सीमेवरच्या रोमन शिपायांच्या रोजच्या जगण्याचं दालन उघडायला थोडेच दिवस राहिले होते. चामड्याचा एक बूट कपाटात मांडून झाला होता. शतकानुशतकं चिखलात राहिलेला, काळा, वाळक्या पानासारखा. दालनाची मांडणी करणारी मॉरीन टेलफर वाकून बघत राहिली.

"विल्फ, हा उलटा करायचाय. तळ वर."

"डोकं ठिकाणावर आहे ना, पोरी? उलटा केला की सगळा भार वरच्या चामड्यावर. तडकला तर मला त्या भिंतीत गाडशील."

"भिंतीत जागा नाही. आधी तळ बघा, मग शिव्या द्या."

तिने बूट दोन्ही तळव्यांवर घेऊन अलगद कलता केला. डाव्या पायाचा होता. तळाला लोखंडी खिळे. टाचेच्या बाहेरच्या कडेचे झिजून सपाट झालेले, आणि त्यांच्यात दोन जाडसर, नंतर कुणीतरी ठोकलेले.

विल्फ स्टुलावर बसला, आपला डावा बूट काढला, उलटा करून शेजारी धरला. तीच कड. तशीच झीज.

"उजव्या खांद्यावर ओझं वाहायचा हा, डावीकडे कलून," तो म्हणाला. "माझ्यासारखाच. काय वाहायचा कोण जाणे."

"मोजे धूत जा अधूनमधून," मॉरीन म्हणाली, पण अगदी हळू.

जुनी बैठक मोडावी लागली. चामड्यावर भार येता कामा नये. मग विल्फने बुटाच्या आतून वर येणारं पाऊल घडवलं. पितळेचा सांगाडा, वर लोकर. टाच जुळेना, पुन्हा तापवली. पुन्हा कानस. दुसऱ्याच माणसाचं पाऊल त्याच्या हातात हळूहळू आकार घेत होतं, आणि कधी कधी त्याला काम थांबवून नुसतं बघत बसावं लागे. भार तळाने घ्यायचा होता, त्या माणसाच्या चालण्यात घेतला होता तसा.

बूट चढवताना चामडं कुरकुरलं. विल्फने हात काढला. बूट राहिला.

दालन उघडलं त्या दिवशी एक बाई कपाटासमोर थबकली. मग भिंतीला हात टेकून तिने आपला पाय उचलला.

"काय गं, शेण तुडवलंस?" नवऱ्याने विचारलं.

"गप रे. मी कुठल्या कडेने झिजवते, बघतेय."

नवऱ्यानेही पाय वर केला. मग त्यांच्या मागच्यानेही.

विल्फ दाराशी उभा होता. बैठकीकडे कोणीही पाहिलं नाही.