इनामदार मॅडमची बाटली

कारखानदार जमले की बिघडलेल्या मशीनच्या गोष्टी निघतात. माझ्याकडे मात्र एका संशोधक बाईंच्याच गोष्टी आहेत. एक सांगायला घेतली की मागून दुसरी येतेच.

सत्तरच्या दशकात काळेवाडीत माझं छोटं पेंटशॉप होतं. कंपन्यांचे पत्र्याचे पार्ट आम्ही रंगवून द्यायचो. विद्यापीठातल्या डॉ. इनामदार मॅडमनी गंज रोखणारा प्रायमर शोधलाय असं कळलं, म्हणून भेटायला गेलो.

"पेपर छापून आलाय. माझं काम संपलं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आमच्याकडचा गंज पेपर वाचत नाही हो."

रविवारी बाई काळेवाडीच्या स्टॉपवर उतरल्या. पिशवीत प्रायमरची बाटली होती.

*

त्यांच्या विभागप्रमुखांना हे कळलं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हे विद्यापीठ आहे. इथं दुकान चालणार नाही."

"बरोबर आहे सर. म्हणून तर दुकान काळेवाडीत काढतेय," मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडे काम करायची परवानगी मिळाली नाही. बाईंनी वर्षाच्या साऱ्या रजा आमच्या शेडमध्ये घालवल्या.

*

बाटलीत जमलेलं पिंपात जमेना. पहिली बॅच पिंपातच दगडासारखी घट्ट झाली. मॅडम स्टुलावर बसून राहिल्या. "मी शिकवायलाच बरी," म्हणाल्या.

आमच्या मेकॅनिक रशीदभाईनं विचारलं, "लॅबमध्ये पहिल्याच झटक्यात जमलं होतं का मॅडम?"

"छे. कितीतरी वेळा फसलं."

"मग इथंच एवढी घाई का?"

बाईंनी पदर खोचला आणि छिन्नी मागितली. पिंप साफ करायला आम्हा तिघांना संध्याकाळ झाली.

*

माल जमल्यावर एका मोठ्या कंपनीच्या परचेस ऑफिसरकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "फॉरेन कोलॅबोरेशन आहे का?"

"आहे ना," मॅडम म्हणाल्या. "मी नदीच्या पलीकडून येते."

साहेब हसले नाहीत. पण मॅडमनी आमचा एक पत्रा आणि परदेशी प्रायमरचा एक पत्रा मिठाच्या पाण्यात ठेवायला लावला. काही आठवड्यांनी बोलावणं आलं. परदेशी प्रायमरच्या पत्र्याला कडेनं गंज चढला होता, आमचा स्वच्छ होता.

"माल घेतो," साहेब म्हणाले, "पण डब्यावर एखादं इंग्रजी नाव टाका. वरच्यांना पटायला हवं."

मी लगेच हो म्हणणार होतो. मॅडम उठल्या, माझ्या गाडीतून रंगाचा ब्रश आणला आणि नमुन्याच्या डब्यावर ठसठशीत देवनागरीत लिहिलं : काळेवाडी.

"याच नावानं घ्यायचा असेल तर घ्या."

डबा टेबलावर ठेवून आम्ही निघालो. परतताना मी हातातून गेलेल्या ऑर्डरचा हिशोब करत राहिलो.

पुढच्या महिन्यात कंपनीची जीप शेडपुढे थांबली. साहेब स्वतः उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "तुमचं ते काळेवाडी आणखी किती देऊ शकाल?"