वरमाईचा चाकू

मुलाच्या लग्नात मी चाकू काढला, ही गोष्ट खरी आहे. लोक तेवढीच सांगतात. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते, म्हणून आता मीच लिहून टाकते.

आधी चाकूबद्दल. मी तो रोज बाळगते. घडीचा, काळ्या मुठीचा, पातं जेमतेम बोटाएवढं. इथे बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होते. तिथे मालाची खोकी उघडायला चाकू लागायचा, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, मी चाकू ठेवते. (कंगवाही ठेवते, पण त्याची कुणी चौकशी करत नाही.) शेजारपाजारचे विचारतात, अक्का, रोज चाकू कशाला हो? कशाला म्हणजे? कुरिअरची चिकटपट्टी काय दातांनी सोडवायची? साडीचा लोंबणारा दोरा आहे, औषधाच्या बाटलीचं सील आहे, बागेत बसून खायचा पेरू आहे. एकदा आमच्या गल्लीत कावळ्याच्या पायात मांजा अडकला तेव्हा अख्खं इंदिरानगर नुसतं वर बघत उभं होतं. कावळा सुटला तो माझ्या चाकूनं! तेव्हापासून तो मला ओळखतो. आमचे हे म्हणतात, सगळेच कावळे तुला ओळखतात, तू पोळी टाकतेस म्हणून. ह्यांना कशाचं म्हणून कौतुक नाही.

विमानतळावर माझे इतके चाकू काढून घेतले गेलेत की तिथे माझ्या नावाची एक वेगळी पेटी असावी. तरी मी नवा घेते. घरात सगळे हसतात आणि पार्सल आलं की मलाच हाक मारतात.

तर अनिकेतचं, म्हणजे माझ्या मुलाचं, लग्न ठरलं. मुलगी सायली, पुण्याची. दोघं बेळ्ळंदूरला एकाच ऑफिसात, म्हणून लग्न बेंगळुरूलाच करायचं ठरलं आणि पुण्याची मंडळी इकडे आली. आदल्या दिवशी घरात माझ्यावर खटला भरला गेला. न्यायाधीश हे, वकील आमची धाकटी केतकी. वरमाईच्या पर्समध्ये चाकू शोभत नाही, पुण्याची माणसं काय म्हणतील, असा एकूण सूर होता. मी निमूटपणे शब्द दिला, की पर्समध्ये चाकू ठेवणार नाही. आणि पाळला! नऊवारीला कनवट असते. ती पूर्वीच्या बायकांनी काय उगीच ठेवली होती?

लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. माझे पाय धुतले गेले, मान झाला, विहीणबाई अगदी मनापासून करत होत्या. शांत बाई. सायलीच्या अंगावरचा शेला त्यांच्या स्वतःच्या लग्नातला होता, इतकी वर्षं पेटीत जपून ठेवलेला, हे त्यांनी मला हळूच सांगितलं. सप्तपदी झाली आणि गुरुजींनी त्या शेल्याची आणि अनिकेतच्या उपरण्याची गाठ मारली. ही गाठ घरी पोचेपर्यंत सोडायची नसते. घरी गेल्यावर मुलाच्या बहिणीनं ती सोडायची आणि भावाकडून काहीतरी उकळायचं. केतकीने काय उकळायचं ते आठवडाभर आधीच ठरवून ठेवलं होतं.

पंगत तळमजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. हॉल जुना, लिफ्टही जुनी, हातानं ओढायच्या जाळीच्या दाराची. मी जोडप्याच्या मागोमाग चालले होते. अनिकेत मोबाइलमध्ये डोकं घालून लिफ्टमध्ये शिरला. (लग्नाच्या दिवशीसुद्धा! मॅनेजरचा मेसेज होता म्हणे.) तेवढ्यात सायलीला तिच्या मैत्रिणींनी दाराशीच थांबवलं, फोटोसाठी. आणि माझ्या चिरंजीवांनी, लिफ्टमध्ये शिरलं की दार ओढायचं या सवयीनं, मान वर न करता खाडकन दार ओढलं.

नवरा आत. नवरी बाहेर. मधे जाळीच्या दारात चिमटलेली गाठ, ताठ ओढलेली. आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी लिफ्टची घंटा वाजवली.

माझ्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. लिफ्ट खाली चालली आहे आणि नव्या सुनेला खांद्याला धरून जाळीवर आपटते आहे. विचार बिचार काही केला नाही. कनवटीला हात घातला, पातं उघडलं, सायलीला एका हातानं मागे ओढलं आणि दुसऱ्या हातानं सर्रकन शेला कापला!

नेमका तेव्हाच मैत्रिणींनी फोटो काढला. मी तो पाहिला आहे. पुढे चार मुली गोड हसताहेत आणि मागे मी, दात-ओठ खाऊन, हातात उघडा चाकू.

लिफ्ट जागची हलली नाही. सायलीच्या आत्यांना मात्र कंठ फुटला. त्या म्हणाल्या, वरमाईनं भर मांडवात गाठ कापली, याचा अर्थ कळायला फार शिकावं लागत नाही, मुलगी पसंत नव्हती तर आधी सांगायचं होतं. कुणीतरी म्हणालं, चाकू बरोबर घेऊन आल्या होत्या म्हणजे सगळं ठरवूनच होतं. मी समजावून सांगायला लागले, पण हातवारे करून बोलायची मला सवय आणि त्या हातात चाकू, त्यामुळे समोरची माणसं दोन पावलं मागे सरकली. केतकीने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. पर्समधला चाकू तिने सकाळी दोनदा शोधला होता.

आणि मग मला विहीणबाई दिसल्या. त्या शेल्याचं कापलेलं टोक हातात घेऊन उभ्या होत्या. त्या क्षणी मला खरंच रडू आलं. सून घरात यायच्या आत मी तिच्या आईच्या लग्नातला शेला कापला होता. आता ही मुलगी माझ्याकडे कधी आपलेपणानं बघणार नाही, असंच वाटलं.

आत्यांचं चालूच होतं. विहीणबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"वन्सं, पुरे," त्या म्हणाल्या. "सायलीला लिफ्टनं ओढलं असतं, तर हा शेला घेऊन मी काय करणार होते? आपल्या पोरीसाठी ज्या बाईनं मागचापुढचा विचार केला नाही, तिच्या घरी पोर द्यायला मला धास्ती वाटत नाही."

सगळा हॉल गहिवरला. आत्यांनीसुद्धा पदर डोळ्यांना लावला. मी मान ताठ केली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान मला मिळत होता, चाकूसकट! आणि नेमक्या त्या क्षणी आमच्या ह्यांना, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, यंत्राविषयी काहीतरी सुचलं.

"पण काय गं," हे म्हणाले, "दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलतच नाही ना? तुमच्या कारखान्यात तर त्याचेच स्विच बनायचे."

बनायचे. जाळीचं दार नीट बसलं नाही तर लिफ्ट जागची हलू न देणारे ते स्विच मी नोकरीभर तपासले. हजारो पास केले असतील. इतरांना त्यावर व्याख्यानं दिली. मधे कापडाची घडी अडकलेली असताना लिफ्ट हलणं शक्यच नव्हतं, हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला पक्कं ठाऊक असायला हवं होतं, आणि ते माणूस चाकू घेऊन उभं होतं. मी ह्यांच्याकडे जे पाहिलं, ते पाहून ह्यांनी पाणी प्यायला जायचं निमित्त काढलं.

इतक्यात आतून अनिकेत ओरडला, की दार उघडत नाहीये. गाठ दाराच्या कडीत जाऊन बसली होती. दार ना पुढे सरके ना मागे. हॉलचा मॅनेजर आला, "स्वल्प थांबा, माणूस बोलावतो" म्हणून गेला. मुहूर्ताचं लग्न लागलेला मुलगा पिंजऱ्यात, खाली पंगत खोळंबलेली. मी पुढे झाले, पण घाईघाईत माझं पातं काही कडीत शिरेना.

तेव्हा सायली माझ्याजवळ आली. तोवर ती मला काकू म्हणायची.

"आई, तो चाकू द्या माझ्याकडे," ती म्हणाली.

तिने नऊवारी सावरली, मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि दारापाशी गुडघे टेकले. आतून अनिकेतला फोन ठेवून जाळी उचलून धरायला सांगितलं. मग पात्याचं टोक कडीत घालून, कापड एकेक घडी करत, एकही धागा न तोडता बाहेर काढलं. दार सरकलं. अनिकेत बाहेर आला तो उपरण्याला लोंबणारी गाठ घेऊन, शेल्याच्या तुकड्यासकट. सायलीने पातं मिटलं आणि मूठ माझ्याकडे करून चाकू परत दिला. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी तिला काय काय विचारलं होतं, आठवून हसूच आलं. विचारायचं होतं ते हेच.

गुरुजी आमच्या इथलेच, कशानं गांगरून जाणारे नव्हेत. म्हणाले, "सरी, ठीक आहे, पुन्हा बांधू. पण अक्का, कापली तुम्ही, आता बांधायचीही तुम्हीच." मग एवढ्या मंडळींच्या देखत मी आखूड झालेल्या शेल्याची आणि उपरण्याची गाठ मारली. विहीणबाईंनी टोक धरलं होतं. मारताना आत्या हळूच म्हणाल्या, घट्ट मारा हो. मी कारखान्यात पेट्यांना मारत असे तशी मारली. घरी पोचल्यावर केतकीला ती सोडवायला संध्याकाळ झाली आणि त्याबद्दल तिने भावाकडून दुप्पट उकळलं.

आता सायलीही रोज चाकू बाळगते. मीच घेऊन दिला, निळ्या मुठीचा. मी हे येईल त्याला अभिमानानं सांगते. देवळात सांगते, भिशीत सांगते, तो फोटोही दाखवते.

सध्या केतकीसाठी स्थळं बघतोय. परवा एका मुलाच्या आईचा पुण्याहून फोन आला होता. फार गोड बोलल्या. मुलगी आवडली म्हणाल्या. पत्रिकेचं झालं, नोकरीचं झालं, आणि शेवटी जरा घुटमळत म्हणाल्या, "आमच्याकडे आपलं मत पडलं, की लग्न रजिस्टर करावं. गाठी-बिठी काही नकोत. तुम्हाला चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं. "हारांचे दोरे कापायला चाकू मी घेऊन येईन."

फोन कट झाला. इंदिरानगरात हल्ली रेंजचा फार त्रास आहे.