बुट्टी उचलणारा मामा

हैदराबादेत कडाक्याची थंडी पडते असं मानणारा पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्याच बायकोचा भाऊ निघावा, याला काय म्हणायचं! सिकंदराबादला रेल्वेत असलेल्या या माझ्या मेहुण्याने लग्न केलं नाही. शहराबाहेर तुकडाभर जमीन आणि एक जुना ट्रॅक्टर मात्र घेतला. डिसेंबर लागला की याची झोप उडते. गारठ्यात ट्रॅक्टरची मागची लिफ्ट उचलणारं हायड्रॉलिकचं तेल घट्ट होतं, पंपाला ते ओढवत नाही, मग पंप केकाटतो आणि बाद होतो, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की बस्स! स्वतः बनियनवर कुडकुडेल, पण घरातली एकुलती एक रजई पंपावर घालेल. माणसांनाही तोच कायदा. सकाळी मी पाण्याची बादली उचलली की ओरडलाच, "दाजी, नक्को! आधी अंग गरम होऊ द्या, मग लोड घ्या!" आणि गंमत बघा, मागच्या हिवाळ्यात यानेच गार अंगाने गॅसचा सिलिंडर उचलला आणि कंबर धरून बसला.

त्यात यंदा माझ्या मुलीचं लग्न तेलुगू घरात ठरलं. नवरीला बांबूच्या बुट्टीत बसवून मामाने मांडवात न्यायचं, ही त्यांची रीत. याला डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केलेली. चुलतमामा तयार होते, पण हा ऐकेल तर शपथ! लेक लहान असताना आम्ही नवराबायको ऑफिसात असायचो, तेव्हा रात्रपाळी करून आलेला हाच तिला खांद्यावर घेऊन नामपल्लीची नुमाइश, म्हणजे तिथलं मोठं प्रदर्शन, दाखवायचा. "पंपाने उचलीन, पण मीच उचलीन!"

लग्न त्याच्याच शेतात, मुहूर्त पहाटेचा. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर फळी, फळीवर बुट्टी आणि बुट्टीत शालू नेसलेली माझी लेक! याने दांडी ओढली, पंप केकाटला, बुट्टी जागची हलेना. "तेल गार आहे! इंजिन चालू राहू द्या!" म्हणत हा रजई घेऊन धावला. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी घड्याळ दाखवत ओरडताहेत, "टाइम अयिपोतोंदंडी!" विहीणबाईंनी डोक्याला हात लावलेला, वाजंत्री गप्प! आणि काय सांगू महाराजा, केकाटणं हळूहळू विरलं, बुट्टी अलगद वर आली! टाळ्यांनी शेत दणाणलं. ट्रॅक्टर डुलत डुलत मांडवापाशी येऊन उभा राहिला.

"मामा, उतरव ना आता," लेक म्हणाली.

त्याचा हात दांडीवरून हलेना. "थांब गं. तेल अजून गार आहे. झटका बसेल."

मी पंपाला हात लावला. चांगलाच तापला होता. वर पाहिलं, तर हा तिच्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. भटजी पुन्हा ओरडले.

मी हात तसाच पंपावर ठेवला आणि म्हणालो, "दोन मिनिटं, गुरुजी. खरंच गार आहे अजून."