पिल्लाचं माप

आमच्या टेलरमामांनी शिवलेला कपडा आजवर कुणालाही घट्ट झालेला नाही. नीट बसलेलाही नाही, पण ते वेगळं. कमरेत दोन बोटं आणि बाहीला चार बोटं ते जादा धरतातच. "वाढतं अंग आहे," असं परवा मलाही म्हणाले. मी बावन्न वर्षांचा आहे.

त्यांच्या दुकानामागच्या खोलीत, बल्बच्या उबेत, कोंबडीची पाच पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. नव्या पाहुण्यांना टोचू नये म्हणून मामांनी खोक्यात सॅटिनचं उरलेलं अस्तर अंथरलं होतं. चौघं घसरत-सावरत उभी राहिली. पाचव्याचे पाय दोन बाजूंना गेले ते गेलेच, उघड्या कात्रीसारखे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर आधी त्या घसरड्या अस्तरावरून रागावल्या. मग म्हणाल्या, "खाली खरबरीत टॉवेल घाला. दोन्ही पाय मऊ पट्टीनं जोडा, मधे उभं राहण्याइतकंच अंतर. तीन-चार दिवस आहेत हातात. हाडं पक्की झाली की मग ते कधीच चालायचं नाही."

"पट्टी ना? आपला धंदाच आहे," मामा म्हणाले.

मामीनं पिल्लू धरलं, मामांनी चष्मा लावून टेप लावली. फ्लॅनेलची पट्टी, दोन्ही टोकांना फासे, कडेनं हातशिलाई. नवरदेवाच्या कोटाला एवढी मेहनत घेतली नसेल. पिल्लू उभं राहिलं, दोन पावलं चाललं आणि पट्टी पायांतून सुटून टॉवेलवर पडली. पाठोपाठ पिल्लूही.

"सैल झाली," मामी म्हणाली.

"सैल नाही. वाढीला जागा ठेवलीय."

"अहो, ते उद्या वाढेल. आज उभं तर राहू दे."

दुसऱ्या दिवशी नवी पट्टी शिवली. तीही निसटली. तिसऱ्या दिवशी पिल्लू उठायची धडपडही करेना. मान टाकून पडून राहिलं. मामांनी दुकानाचं शटर उघडलं नाही, चहा निवू दिला. शेवटी टेप मामीपुढे धरून म्हणाले, "माप तू घे. माझा हात ऐकत नाही."

मामीनं माप घेतलं. मामांनी दात-ओठ खात तेवढीच पट्टी शिवली, एक दोराही जास्त नाही.

ती बसली. पिल्लू उठलं, डुललं, पडलं, पुन्हा उठलं आणि थेट पाण्याच्या वाटीपाशी गेलं. दोन दिवसांनी पट्टी काढली, तेव्हा ते चौघांच्या मागे धावत सुटलं. जरा तिरकं, पण स्वतःच्या पायांवर. मामा नाक शिंकरायला आत गेले.

बाहेर आले तर मामी टेप घेऊन उभी. "आता माझं घ्या. आजचं. लग्नापासून तुमच्या कपड्यांत वाढायची वाट बघतेय."

मामांनी माप घेतलं, कापडावर खडूची रेघ ओढली. मग हळूच त्या रेघेच्या बाहेर बोटभर अंतरावर आणखी एक.

कात्री मात्र मामीच्या हातात होती.