डिझेलचा घोट

माझ्या थोरल्या दिरांनी सेकंडहँड अँबॅसिडर घेतली तेव्हा आम्ही वाशीत नुकतेच राहायला आलो होतो. दिरांना पानाची सवय. गाडी चालवता चालवता ते खिडकीतून थुंकायचे आणि मागच्या दारावर तपकिरी ओघळ वाळून बसायचे. रविवारी बादली घेऊन ते ओघळ पुसायचं काम माझ्या नवऱ्याकडे. फडकं पिळताना त्याचे हात लाल व्हायचे आणि तेच हात धुऊन तो जेवायला बसायचा. त्या गाडीत बसायला मला किळस यायची, पण घरची गाडी असताना बसने जाणं म्हणजे दिरांचा अपमान.

ऐंशीच्या पुढची वर्षं होती. धाकट्या दिरासाठी जासईची एक मुलगी सांगून आली. मुलीचे वडील मूळचे रत्नागिरीकडचे, आता जासईतच एका गोदामात कारकून. मुलगी बेलापूरला एका ऑफिसात टायपिस्ट. बघायला जायचं ठरलं तेव्हा पुढे थोरले दीर आणि सासूबाई, मागे आम्ही दोघं आणि नवरदेव, असे निघालो. बाहेर भरावाची माती उडत होती, म्हणून काचा बंद. आत पानाचा, रेक्झिनचा आणि नवरदेवाच्या सेंटचा वास.

उरण फाट्याच्या अलीकडे पंपावर थांबलो. ट्रकच ट्रक उभे होते. त्या काळी पुष्कळ लोक अँबॅसिडरला डिझेलचं इंजिन बसवून घ्यायचे, टॅक्सीवाले तर हमखास. आमची मात्र पेट्रोलची होती. पंपावरच्या माणसाने विचारलं, "डिझेल ना, साहेब?"

दीर सासूबाईंना सांगत होते की मुलीकडच्यांनी लग्न कुठल्या हॉलमध्ये करून द्यायला हवं. तोंडात पान. त्यांनी त्याच्याकडे न बघताच मान हलवली. "हं, भर."

मी मागून म्हटलं, "भाऊजी, तो डिझेल म्हणतोय."

"गाडी कोण चालवतं? तू की मी?" ते म्हणाले आणि पुन्हा हॉलकडे वळले. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

थोडा वेळ गाडी नीट चालली. मग आचके द्यायला लागली. मागून पांढरा धूर येऊ लागला आणि इंजिन खोकल्यासारखं ठोके देऊ लागलं. दीर पंपवाल्याला शिव्या घालत होते, भेसळीचं पेट्रोल विकतात साले म्हणून. कशीबशी ती मुलीच्या घरापर्यंत पोचली आणि बरोबर दारात बंद पडली. आजूबाजूच्या खोल्यांतले लोक बाहेर आले. मुलीचे वडील हात जोडून धावत आले. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, बारीक चणीचा माणूस.

दिरांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "डिझेल घातलं त्याने," ते म्हणाले. 'त्याने' म्हणताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

नाक्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक पनवेलला गेला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. टाकीखालचा नट गंजून बसलेला, पान्याने फिरेना. तेव्हा दीर म्हणाले, "नळी आहे का? ओढून काढू." काढू म्हणाले आणि सावलीत मांडलेल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मुलीच्या वडलांनी रॉकेलची रबरी नळी आणि एक डबा आणला. नळी कोणाच्या हातात द्यावी ते न कळून ते तसेच उभे राहिले.

"ओढा की," दीर म्हणाले. "आम्ही आता बाहेरच्या कपड्यांत आहोत."

माझा नवरा घरी रॉकेलच्या मोठ्या डब्यातून अशीच नळी लावायचा. रॉकेल वर आलं की तोंड बाजूला कधी करायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ओठाला थेंब लागत नसे. मी त्याला हळूच म्हटलं, "तुम्ही करा ना."

"दादा आहे ना," तो म्हणाला. "आपण कशाला मधे पडायचं?"

हे तो खिशात हात घालून म्हणाला. नवरदेव गाडीच्या आरशात भांग पाडत होता.

मुलीच्या वडलांना सवय नव्हती. पहिल्यांदा ओढलं तर काहीच आलं नाही. "जोर लावा, जोर," दीर खुर्चीवरून म्हणाले. वडलांनी गाल आत ओढून जोर लावला आणि डिझेल एकदम भसकन आलं. तोंड भरलं, नाकातून बाहेर आलं, इस्त्रीच्या शर्टावर ओघळलं. तिथेच थुंकायचं सोडून तो माणूस तोंड मिटून इकडे तिकडे बघायला लागला. मुलाकडच्यांसमोर कसं थुंकायचं, म्हणून आडोसा शोधत होता. तेवढ्यात ठसका लागला आणि घोट आत गेला. गटाराच्या कडेला बसून ते ओकले. नवरदेवाने "शी" म्हणून बूट मागे घेतले.

"नळी सोडू नका," दीर म्हणाले. "हवा शिरेल."

मी पाणी आणायला आत पळाले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मुलगी उभी होती, हातात पोह्यांच्या बशांचा ट्रे. तिने सगळं बघितलं होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्यातल्या कोणाला नळी ओढता येत नाही?"

"माझ्या नवऱ्याला येते," मी म्हटलं.

"मग?"

"आम्ही मुलाकडचे."

तिने ट्रे ओट्यावर ठेवला. माझ्या हातातला तांब्या घेतला आणि साडी सावरत बाहेर गेली. वडलांची पाठ चोळली, त्यांना चूळ भरायला लावली. मग जमिनीवर पडलेली नळी उचलून नवरदेवापुढे धरली. "आता तुम्ही ओढा. गाडी तुमची आहे."

तो हसला. मग थोरल्या भावाकडे बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "मुलीला काही वळण?"

"काकू, पोहे केलेत, खाऊन जा," ती म्हणाली. "पण माझा नकार आहे."

"असं बोलू नये, बाळ," तिचे वडील म्हणाले. बोलताना त्यांच्या तोंडाला डिझेलचा वास येत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पोहे कोणी खाल्ले नाहीत. गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने परतलो. बसमध्ये दीर म्हणाले, "बरं झालं, अशा घरातली मुलगी नकोच होती." नवऱ्याने मान डोलावली. मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्याच्या शर्टाचा वाससुद्धा मला नकोसा झाला होता.

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकला बांधून आणली. पुढच्या आठवड्यात मी कोणाला न सांगता एकटीच जासईला गेले. मुलीचे वडील पलंगावर बसले होते. डिझेल छातीत गेलं होतं, ताप आला होता, डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलं होतं. मला बघून उठायला लागले. मी नको नको म्हणत असताना त्यांनी खोकत खोकत विचारलं, "साहेबांची गाडी झाली ना दुरुस्त? आमच्या दारात खोळंबा झाला हो तुमचा."

मुलगी ऑफिसला गेली होती. तिच्या आईने माझ्यापुढे चहा ठेवला. "पोरगी ऐकत नाही," आई हळूच म्हणाली. "तुम्ही घरी सांगून बघाल का? मुलाकडचे परत तयार होत असतील तर..."

"नका देऊ तिला आमच्याकडे," मी म्हटलं. "मी त्या घरात राहते, म्हणून सांगते."

मुलीच्या वडलांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "चहा घ्या. निवतोय."

रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं की जासईला जाऊन आले, त्या माणसाच्या छातीत डिझेल गेलंय. दीर आमटी ओरपत होते. "त्याने तोंड वेळेवर काढायला हवं होतं," ते म्हणाले आणि भात मागितला. मी पातेलं त्यांच्या पानाशेजारी ठेवलं आणि उठले. भात त्यांचा त्यांनीच वाढून घेतला.