अर्धवट कड्याचा एंजल मासा

मुलीचा एंजल मासा माझ्यामुळे मेला. सोसायटीचा सेक्रेटरी मी. डासांसाठी धूरफवारणी मीच बोलावली, खिडक्या बंद ठेवा असा मेसेज ग्रुपवर मीच टाकला, आणि ऐरोलीतल्या या अख्ख्या बिल्डिंगमध्ये गॅलरीचं दार उघडं राहिलं ते आमचं. दाराशेजारीच तिची खाऱ्या पाण्याची टाकी. हवेच्या पंपाने धूर सरळ पाण्यात ओढला.

ती पुण्याला शिकते. लगेच फोन करून सगळं सांगितलं. "ठीक आहे बाबा," म्हणाली. आमची मुलगी एवढंच म्हणते तेव्हा काहीच ठीक नसतं.

मासा निदान तिच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून तो टिकवायचं ठरवलं. थर्माकोलवर पर पसरून टाचण्या टोचल्या, फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, मग वाळवला. वाळल्यावर सगळे रंग उडाले. बायको म्हणाली, "सुका बांगडा झालाय. कालवणात टाकू?"

रंगाची मला चिंता नव्हती. माझं आजोळ पेणचं. शाळेच्या सुट्ट्या मामाच्या कारखान्यात गणपती रंगवण्यात गेल्या. नेटवरचा फोटो समोर ठेवून निळं अंग, पिवळ्या रेघा आणि शेवटी डोळ्याची आखणी केली. काचेच्या पेटीत मासा झकास दिसू लागला.

सुट्टीत मुलगी आली. सॅक खांद्यावर तशीच ठेवून पेटीसमोर उभी राहिली. राहू दे म्हणाली तर भिंतीवर, नाहीतर पेटी माळ्यावर, असं मी मनाशी ठरवलं होतं.

"छान रंगवलायस. पण हा आपला नाही."

तिने सांगितलं, या माशाच्या पिल्लाच्या अंगावर पांढरी कडी असतात, मोठा होताना ती जाऊन पिवळ्या रेघा येतात. आमचा अजून मधेच होता. शेपटीजवळ अर्धं कडं शिल्लक होतं, आणि ते कधी जातं याची ती वाट बघत होती. वाळलेल्या कातडीवर फिकट कमान मलाही दिसली होती. मी डाग समजून ती झाकली. मूर्तीवर डाग ठेवायचा नाही, हे मामाने अंगात भिनवलेलं.

"अर्धवट दिसलं असतं गं."

"तो होताच अर्धवट."

मी पेटी उघडली. थिनरच्या बोळ्याने शेपटीकडच्या रेघा पुसल्या. ती मोबाइलवरचा फोटो धरून कुठे थांबायचं ते सांगत होती. कमानीचं टोक तिने स्वतः रंगवलं, जरा वाकडं. मी ब्रश मागितला नाही.

थोडं मागे सरून तिने पाहिलं.

"आता लाव," म्हणाली.