शुक्रवारची झोप

आवाज डोळ्यांनी बघता येतो, हे मला बोईसरच्या एका कॅसेटच्या दुकानात कळलं. नव्वदीच्या शेवटी मालकाने कॉम्प्युटर आणला आणि लग्नाच्या कॅसेटमधली खरखर काढायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर आवाजाचा आलेख यायचा. डावीकडे घुमणारे आवाज, उजवीकडे चिरके. नको तो शेंडा निवडायचा आणि छाटून टाकायचा.

त्याच सुमारास आई म्हणायला लागली, की सरावलीच्या आमच्या खोलीची भिंत वाजते. भिंतीपलीकडे कारखान्याचा ब्लोअर, हवा फेकणारा अजस्र पंखा, होता. शेजारी हसायचे, "अम्मा, हमको तो कुछ सुनाई नहीं देता." माहीमच्या कोळीवाड्यात समुद्राच्या गाजेत झोपलेली बाई आवाजाला कंटाळली, हा लोकांना नखरा वाटे. ती मात्र झोपेवाचून वाळत चालली होती.

मी टेप भिंतीला लावून रेकॉर्डिंग केलं आणि दुकानात त्याचा आलेख काढला. डावीकडे हा उंच शेंडा. मी हुरळून गेलो. मग लक्षात आलं, ही तर टेपमधल्या विजेचीच घरघर. वायर काढली, सेल घातले, पुन्हा रेकॉर्ड केलं. तो शेंडा गेला, पण त्याच्या जरा डावीकडे दुसरा उभा होता, आधी पहिल्याच्या आड लपलेला. तो ब्लोअर. आईचं डोकं ठिकाणावर होतं.

आलेखाची प्रिंट जोडून सरकारी कचेरीत अर्ज दिला. तपासणीला साहेब आले ते शुक्रवारी, आणि उतरले कारखान्याच्याच जीपमधून. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ब्लोअर बंद होता, आणि म्हणूनच आई भर दुपारी गाढ झोपली होती.

साहेबांनी मीटर भिंतीजवळ धरला. "कुठे आहे आवाज?"

"आज सुट्टी आहे, साहेब. उद्या या."

"मी आलो तेव्हा जे आहे ते लिहिणार." मग खाटेकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "आणि आजी तर छान झोपल्यात की. तेही लिहितो."

त्या हळू आवाजाची मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. तिची झोप मोडू नये म्हणून जपत होता गृहस्थ! आमचाच चहा फुरके मारत प्याला, कपाला चिकटलेली साय बोटाने पुसून चाटली. तो कप मी नंतर गटारात फेकून दिला.

संध्याकाळी आई उठली. चेहरा टवटवीत दिसत होता.

"आठ दिसानी झोप लागली रं," ती म्हणाली. "सायेब येनार व्हता ना? आला का?"

"नाय आला."

शनिवारी सकाळी मांडणीवरच्या वाट्या पुन्हा थरथरू लागल्या. आई भिंतीला तळवा लावून बसली होती.

"आज येल का रं तो?" तिने विचारलं. "आज बरोब्बर ऐकू येल त्याला."